टॉवेलखालचा हात

झटका आल्यानंतर अण्णांना एकच शब्द बोलता येत होता. ‘बघू.’

पाणी हवं असलं तरी बघू, नको असलं तरी बघू. पोटात कळ आली, बघू. आई विचारायची, ‘च्या ठिवू का?’ तर बघू, आणि चहा समोर येऊन गार झाला तरी तेच. अंगाची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घर रिकामं करताना खुंटीवर टोपी राहून जावी तसा हा एक शब्द मागे राहिला.

याला वाचाघात म्हणतात. माणसाला समोरच्याचं बरंचसं कळत असतं, स्वतःचे शब्द मात्र सापडत नाहीत. मी हे पेशंटच्या घरच्यांना आयुष्यभर समजावत आले आहे. माझा धंदाच तो. नगरला बसस्टँडच्या मागे, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. उशिरा बोलणारी पोरं, तोतरे बोलणारे तरुण, कानाची मशीन लावायला आलेले म्हातारे आणि झटक्यानं वाचा गेलेली माणसं माझ्याकडे येतात. लोक मला बोलायची डॉक्टर म्हणतात. मला ते आवडायचं. खाली कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. एकदा त्यांच्या दारात एक बाई मला म्हणाली, ‘डॉक्टर, माझा नंबर कधी?’ तर ते आतूनच म्हणाले, ‘अहो, त्या डॉक्टर नाहीत, थेरपिस्ट आहेत. मशीनवाल्या मॅडम.’ खोटं काही बोलले नाहीत. पण त्या बाईनं माझ्याकडे पुन्हा एकदा, नीट बघितलं. त्या बघण्यासाठी मी चाळिशी उलटून गेल्यावर पीएच.डी.चा अर्ज भरला. बाकी समाजसेवा, खेड्यातल्या पेशंटची कळकळ वगैरे मी अर्जातल्या रकान्यात लिहिलं. ते तिथंच होतं.

प्रवेश परीक्षा झाली. संस्था लांब, दक्षिणेकडे. परीक्षेला बसलेली पोरं माझ्या भाचरांच्या वयाची. तरी निघाले त्यातून. मग मुलाखतीचं पत्र आलं आणि ज्या मॅडम माझ्या गाईड होऊ शकल्या असत्या त्यांचा फोन आला.

‘तुमचा आराखडा चांगला आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण कागदावरचा आहे. एक तरी पेशंट दाखवा. व्हिडिओ आणा. आधी आणि नंतर.’

माझा विषय होता बोलायला भाग पाडणारी उपचारपद्धत. पेशंट आणि थेरपिस्ट समोरासमोर बसतात, मध्ये आडोसा असतो. पेशंटनं चित्राचं कार्ड तोंडानं मागायचं. हातवारे बंद, खाणाखुणा बंद. अर्धवट बोललेलं समजून घेऊन कुणी मदत करायची नाही. शब्द आला की कार्ड मिळणार. आपल्याकडच्या, शाळा फारशी न शिकलेल्या माणसांवर ती कशी लागू पडते हे मला बघायचं होतं. पद्धतीला मी दोष देत नाही, हे आधीच सांगते. तिच्यात चित्राची कार्डं असतात. पाण्याचा तांब्या नसतो.

पेशंट मी आधी नीट निवडला होता. पाथर्डीकडचा, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. थोडे शब्द शिल्लक होते, हुशार होता, हसरा होता. पण दसरा आला. आमच्या भागात दसऱ्यानंतर गावंच्या गावं कारखान्याकडे जातात आणि माझी खोली रिकामी पडते. मुकादमाचा मुलगा आला तो निरोप घ्यायलाच.

‘मॅडम, गाडी भरायची परवा.’

‘अहो, वडिलांना ठेवा ना मागे. महिनाभर तरी.’

‘कुणापाशी ठिऊ? घराला कुलूप. संगंच नेतो. फडात चार मानसं हायेत, बोलंल कायतरी.’

‘आणि उपचार?’

‘आल्यावर करू की. त्ये काय पळून जातंय व्हय आता?’ स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला आणि जाताना माझ्या पाया पडला.

मुलाखत गुढीपाडव्याच्या आधी होती. मुकादम पाडव्यानंतर येणार. मी खुर्चीत बसून राहिले आणि माझ्या मनात अण्णा आले. मला तेव्हाच माहीत होतं की अण्णा या पद्धतीत बसत नाहीत. ज्याच्याकडे चार शब्द आहेत त्याचे दहा करता येतात. ज्याच्याकडे एकच आहे त्याला भाग पाडून काय पाडणार? पाठ्यपुस्तकात हे पहिल्या पानावर असतं. पण अण्णा घरी होते. तिसगावच्या बाजूला, आमच्या वस्तीवर, खाटेवर होते आणि ते कुठल्याही गाडीत बसून जाणार नव्हते.

इथं अण्णांबद्दल सांगावं लागेल. बाजाराबद्दलही.

अण्णा बैलबाजारातले दलाल होते. घोडेगाव, काष्टी, मिळेल तो बाजार करायचे. जुन्या दलालांचा सौदा तोंडानं होत नसे. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, कुठं दाबलं, त्यावर भाव. भोवती माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालू असतात.

मला ती बोटं येत होती. मी लहानपणी त्यांच्याबरोबर बाजाराला जायची. भाऊ नव्हता आणि अण्णांना सोबत लागायची, एवढंच कारण असावं. लोक म्हणायचे, ‘काय हो, पोरगी दलालीला बसवता का काय?’ अण्णा म्हणायचे, ‘तुझ्या पोरापरीस बरं मोजती.’ ते मला शेजारी बसवून घ्यायचे, आणि त्यांचा मोकळा हात टॉवेलच्या टोकाखाली माझ्या हातात असायचा. तिकडं काय चाललंय ते इकडं मला बोटांनी सांगायचे. समोरचा लबाड आहे. हा घेणार. ह्याचा बैल लंगडतोय, बघितलंस का? त्यातल्या अर्ध्या खुणा बाजाराच्या नव्हत्याच, आम्ही दोघांनी केलेल्या होत्या. तळव्यात अंगठ्याचं नख रुतवलं की त्याचा अर्थ, ऊठ, निघू. एखाद्याशी जमायचं नसलं की अण्णा आधी माझ्या तळव्यात नख रुतवायचे आणि मग तोंडानं मोठ्या प्रेमानं म्हणायचे, ‘बघू.’ शेतकऱ्यालाही ते बघू कळायचं. तो मुकाट्यानं दावं सोडून जनावर पुढं न्यायचा.

मग मी न्हातीधुती झाले. त्या आठवड्यात मी बाजाराला जायचं म्हणून फ्रॉक घालून उभी राहिले तर अण्णांनी चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, ‘आता घरी बसायचं.’ मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो झटकला. मारलं नाही, रागावले नाहीत. गोचीड झटकावी तसा झटकला, आणि गेले. त्यानंतर त्यांनी मला शिकवलं, पुण्याला ठेवलं, लग्न लावून दिलं. हात कधी दिला नाही. मला हे विसरल्यासारखं वाटत होतं.

तर त्या हिवाळ्यात मी दर शनिवार-रविवार गावी जायला लागले. मिस्टर सुप्याला कारखान्यात शिफ्टला असतात, त्यांना म्हटलं, अण्णांसाठी जातेय. ते म्हणाले, ‘जा की, बापच आहे तुझा.’ एसटीतल्या बायकांनाही कौतुक. लेक असावी तर अशी.

संमतीचा कागद होता. त्यावर अण्णांचा अंगठा हवा होता. उजवा हात लुळा, म्हणून मी डावा घेतला. शाई लावली, कागदावर टेकवला. ‘कशाचं हाय गं?’ आईनं विचारलं. मी म्हणाले, ‘उपचाराचं.’ अण्णा अंगठ्याकडे बघत म्हणाले, ‘बघू.’

पहिल्या दिवशी मी आईला स्वयंपाकघरात नेऊन बजावलं. ‘आजपासून ते तोंडानं मागतील तेव्हाच द्यायचं. नुसतं बघितलं, हात केला, तर द्यायचं नाही.’

‘अगं, पन त्यांला बोलताच येत न्हाई.’

‘तू देतेस म्हणून येत नाही. माणसाला न मागता मिळालं तर तो कशाला बोलेल?’

आई चुलीपुढं उकिडवी बसली होती. तिनं हातातली फुंकणी खाली ठेवली. ‘म्हंजी माझ्यामुळं बोलत न्हाईत का गं त्ये?’

मी हो म्हणाले.

हे वाक्य मी आतापर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. वीस वर्षं मी नातेवाइकांना सांगत आले आहे की यात तुमचा काही दोष नाही, मेंदूतला रक्तपुरवठा थांबला, बस. परक्या बायकांना खांद्यावर हात ठेवून सांगितलं. आणि माझ्या आईला मी हो म्हणाले, कारण तिनं मध्येच पाणी दिलं असतं तर व्हिडिओ खराब झाला असता. पुढे तिनं नियम पाळला. अण्णा तांब्याकडे बघायचे आणि ती पदर तोंडाला लावून उठून मागच्या दारी जायची.

अण्णांचा डावा हात चांगला होता आणि तो सारखा चालू असायचा. दाखवायचा, ओढायचा, नको म्हणायचा. हातवारे बंद हा तर पद्धतीचा नियम. हात बांधणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी इतकी सुशिक्षित आहे. मी खुंटीवरचा त्यांचाच टॉवेल काढला आणि त्यांच्या हातावर टाकला.

अण्णांचा चेहरा उजळला.

झटक्यानंतर पहिल्यांदा मी तो चेहरा तसा बघितला. वाकडं झालेलं तोंड एका बाजूनं वर गेलं. डोळ्यांत बाजार आला. आणि टॉवेलखालून त्यांचा हात माझ्या हाताकडे सरकत आला. मी जवळ बसले होते, माझा हात खाटेच्या कडेवर होता. त्यांनी माझी बोटं धरली. सवय मोडलेल्या डाव्या हातानं, चुकत, घसरत. पण धरली. एक दाब, मग दुसरा.

मला कळलं. मी खोटं बोलणार नाही आता. शब्दन् शब्द कळलं असं नाही, इतकी वर्षं गेली होती. पण हा माणूस बोलतो आहे, माझ्याशी बोलतो आहे, आणि ही भाषा शाबूत आहे हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या शिक्षणाची गरजच नव्हती त्याला. आठ वर्षांच्या मुलीला कळलं असतं.

मी हात काढून घेतला.

‘असं नाही, अण्णा,’ मी म्हणाले, ‘तोंडानं.’

असं का केलं याची मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. बोटं मान्य केली तर पद्धत मोडते. पद्धत मोडली तर आराखडा मोडतो. मुलाखत तोंडावर आली आहे, नवा विषय कुठून आणू? ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं. हात काढून घेतला तेव्हा मला बरं वाटलं. चप्पल घालून निघालेल्या माणसाला जसं वाटलं असेल तसं. आता घरी बसायचं.

अण्णांनी पुढचे काही आठवडे सोडलं नाही. टॉवेल टाकला की हात शोधायला यायचा. मी खुर्ची मागे सरकवली. मोबाईलचा स्टँड होता, तो थोडा वर केला, म्हणजे चौकटीत फक्त चेहरा आणि छाती येईल. समोर चित्रं धरायची. गाय, तांब्या, चहाचा कप, बिस्कीट. ‘हे काय आहे, अण्णा?’ ‘बघू.’ ‘नीट बघा. पा…’ ‘बघू.’ ‘पा… णी.’ ते माझ्या ओठांकडे बघायचे, मग माझ्या हाताकडे. खरा तांब्या मी खुर्चीमागे ठेवलेला असायचा. तोही पद्धतीत नसतो. तो मी घातला.

वस्तीवरची माणसं यायची बघायला. एक चुलता दारात उभं राहून म्हणाला, ‘काय दलाल, लेकीनं साळंत घातलं व्हय? आता परीक्षा कधी?’ सगळे हसले. अण्णा पण हसल्यासारखे झाले. मी पण हसले.

आता तो दिवस. मुलाखतीला थोडेच दिवस उरले होते आणि माझ्याकडे ‘आधी’चे व्हिडिओ भरपूर होते, ‘नंतर’चा एकही नव्हता. सकाळी अण्णांनी भाकरी-दूध खाल्लं. आई बाहेर शेळ्यांना पाला टाकत होती. मी मोबाईल लावला, टॉवेल टाकला आणि सुरू केलं. थोड्या वेळानं अण्णा अस्वस्थ झाले. चित्रांकडे बघेनात. मग त्यांनी सगळं अंग कडेला ढकललं, हात टॉवेलसकट लांब केला आणि माझं मनगट पकडलं. तळव्यात अंगठ्याचं नख रुतवलं.

ऊठ, निघू.

त्यांना लघवीला जायचं होतं. मला कळायला एक क्षणही लागला नाही. पुन्हा रुतवलं, जोरात. नखाची खूण पुढे कितीतरी वेळ हातावर होती.

मोबाईलवर लाल ठिपका चालू होता. मी म्हणाले, ‘काय हवंय, अण्णा? बोला. शब्दात सांगा.’

‘बघू.’

‘बघू नाही. काय हवंय?’

‘बघू, बघू.’ डोळे मोठे झाले होते. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पाल्याची फांदी होती. ती म्हणाली, ‘अगं, त्यांला बहुतेक…’ मी तिच्याकडे न बघता हात वर केला. थांब. ती थांबली. शेवटी तिचा माझ्यावर विश्वास होता. मी शिकलेली होते.

‘सांगा, अण्णा. तुम्हाला येतंय. ल…’

आणि ते झालं. धोतर ओलं झालं, गोधडी ओली झाली, खाटेच्या सुतळीतून खाली जमिनीवर धार लागली. अण्णांनी नख सोडलं. ते खाली बघत होते. या माणसानं आयुष्यभर बाजारात सकाळी इस्त्रीचं धोतर नेसल्याशिवाय पाय ठेवला नव्हता. मग त्यांनी मान वर केली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि स्पष्ट, एकही अक्षर न गाळता म्हणाले,

‘हलकट.’

मला आनंद झाला.

वाचणाऱ्यानं हे वाक्य पुन्हा वाचावं, मी ते तसंच लिहिलं आहे. माझ्या बापानं कपड्यात लघवी केली होती, मला शिवी दिली होती, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला: नवा शब्द. उच्चार शुद्ध, प्रसंगाला धरून. मोबाईल चालू आहे ना, हे मी आधी बघितलं. आईनं धोतर बदललं, फरशी पुसली.  पाण्याची बादली नेताना ती म्हणाली, ‘बोलले बघ. तू म्हनली तसं.’ टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटलं होतं. झटक्यात रागाच्या शिव्या पुष्कळांच्या शाबूत राहतात, त्याला सुधारणा म्हणत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. मुलाखतीतही सांगितलं नाही.

मुलाखतीत तीन-चार जण होते. मी व्हिडिओ दाखवला, कापून, जेवढा हवा तेवढाच. ‘नंतर’ म्हणून तो एक शब्द. एकानं अर्थ विचारला. मी म्हणाले, राग व्यक्त करणारा शब्द. ते म्हणाले, ‘चांगलं. भावना आहे म्हणजे.’ मग गाईड होऊ घातलेल्या मॅडम पुढे झुकल्या. त्या मराठी होत्या, सोलापूरकडच्या असाव्यात.

‘हे खालच्या कडेला पांढरं काय आहे?’

‘टॉवेल, मॅडम. हातवारे होऊ नयेत म्हणून.’

‘त्याच्याखाली काहीतरी हलतंय.’

‘हो. निरर्थक हालचाल आहे.’

निरर्थक हा आमच्या शास्त्रातला शब्द आहे. ज्या आवाजाला, ज्या हालचालीला अर्थ नाही ती निरर्थक. ते ठरवायचा अधिकार थेरपिस्टला असतो. मी तो वापरला. त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि माझी निवड झाली.

पेढे घेऊन मी वस्तीवर गेले तेव्हा आई अंगणात होती. तिनं माझी अलाबला काढली. ‘डॉक्टर झालीस?’ म्हटलं, ‘अजून वर्षं लागतील.’ ‘लागू दी.’ आत जाऊन मी अण्णांना पेढा भरवला. त्यांनी खाल्ला. मला वाटलं, आता सगळं झालंय, आता काय हरकत आहे. मी खुंटीवरचा टॉवेल काढला, त्यांच्या डाव्या हातावर टाकला आणि खाली माझा हात घातला.

त्यांचा हात तिथं होता. गरम होता. पण लाकूड. मी बोटं धरली, दाबली, बाजारातली आठवेल ती खूण केली. काही नाही. मी हात उचलला आणि सोडला, तो धपकन खाली पडला. अशी हात उचलून सोडायची तपासणी असते. मी घाबरले, म्हटलं डावी बाजूही गेली की काय. तेवढ्यात आईनं पेढ्याचा दुसरा तुकडा पुढे केला आणि त्याच हातानं अण्णांनी तो नीट, चिमटीत घेतला.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. पीएच.डी. सुरू आहे. मी संस्थेत थोडे दिवस असते, बाकी नगरला. मॅडमचा फोन आला.

‘मी तुमच्या वडिलांचा व्हिडिओ परत बघितला,’ त्या म्हणाल्या. ‘टॉवेल एका ठरावीक लयीत हलतोय. मला ते निरर्थक वाटत नाही. ते काहीतरी म्हणतायत. तुम्हाला खरंच काही लक्षात आलं नव्हतं?’

मी म्हणाले, ‘नाही, मॅडम.’

‘मग तोच विषय घ्या. बोलण्याची सक्ती बाजूला ठेवा. ते घरात हातानं काय बोलतात ते रेकॉर्ड करा. कुणी केलं नसेल असं काम होईल. मी तर म्हणेन, यावरच तुमची पीएच.डी. उभी राहील. नाहीतर त्या पहिल्या आराखड्यात मला आता फारसा दम दिसत नाही.’

मी शनिवारी वस्तीवर गेले. दुपार होती. दार उघडंच होतं. अण्णा खाटेवर, आई शेजारी पाटावर बसून शेंगा फोडत होती. एकाच हातानं. दुसरा हात तिनं अण्णांच्या गोधडीखाली घातला होता आणि गोधडी हलत होती. थोडी हलली, थांबली, परत हलली. मग आई खुदकन हसली, ह्या वयात, आणि म्हणाली, ‘चला, कायतरीच.’ आई आयुष्यात बाजाराला गेलेली नाही. तिला ती बोटं कुणी शिकवली हे विचारायची गरज नव्हती.

माझी सावली आत पडली आणि गोधडी थांबली.

‘कधी आलीस?’

‘आत्ताच. आई, अण्णा बोटांनी काय सांगतात तुला?’

‘कुठं काय.’

‘गोधडी हलत होती.’

‘हलू दी की. म्हाताऱ्या मानसांची गोधडी हाय.’ ती पुन्हा शेंगा फोडायला लागली, आता दोन्ही हातांनी. मी स्टँड उघडला, मोबाईल लावायला लागले. तिनं बघितलं.

‘ते डबडं भाईर ठिव.’

‘अगं, उपचाराचंच आहे. माझ्या परीक्षेचं आहे. तुम्ही दोघं जसे बोलता तसंच बोला फक्त, मी काही करणार नाही, मध्ये येणार नाही.’

‘आमी कुठं बोलतो? तूच म्हनली हुतीस ना, हाताकडं बघायचं न्हाई. म्या न्हाई बघत. हातात हात ठिवते नुस्ता.’ शेंगेचं टरफल तिनं सुपात टाकलं. ‘आन त्ये आमचं आमचं हाय. तुला काय करायचंय?’

आवाज चढलेला नव्हता. आईला त्या दिवसाचं काय काय कळलं आहे, त्यांनी तिला बोटांनी काय सांगितलं आहे, मला माहीत नाही. नखाचं सांगितलं असेल का, एवढंच मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होते. तिनं चेहरा शेंगांवरून उचलला नाही.

मी मोबाईल बंद केला. खाटेवर अण्णांच्या पायांशी बसले. माझी सगळी वर्षं माणसांना बोलतं करण्यात गेली आणि मला स्वतःला तोंड उघडायला इतका वेळ लागला. मी म्हणाले, ‘अण्णा, त्या दिवशी मला कळलं होतं. तुम्ही नख लावलं तेव्हाच कळलं होतं.’

आईचे हात थांबले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. बाजारात दुसऱ्याचं जनावर बघावं तसं, वरपासून खालपर्यंत बघितलं. दात, खूर, चाल. डावा हात गोधडीच्या वर होता. तो त्यांनी सावकाश आत घेतला.

‘मला हात देता का, अण्णा?’ मी विचारलं. ते पीएच.डी.साठी होतं, की मॅडमसाठी, की माझ्यासाठी, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. आताही येणार नाही.

अण्णांचं तोंड एका बाजूनं हललं.

‘बघू,’ ते म्हणाले. मोठ्या प्रेमानं म्हणाले.

मी उठले, स्टँडचे पाय एकेक करून मिटले आणि पिशवीत घातले.  मी अंगणात चप्पल घालत होते तेव्हा आत गोधडी हलल्याचा आवाज आला, मागोमाग शेंग फोडल्याचा.